चुकीच्या फोटोतली बाई

"बाबा, हा नको. ह्यात आईचे डोळे मिटलेत."

"पुढचा बघ."

"ह्यात अर्धं कपाळच नाहीये."

"त्याच्या पुढचा."

"हा तर नुसता काळा. खिडकी स्वच्छ दिसतेय आणि तिच्यापुढे आईची काळी बाहुली."

टिप्सवाले खुर्चीत मागे सरकले. लेक त्यांच्या खांद्यावरून वाकून माउस हलवत होती आणि एकेका फोटोगणिक तिचा आवाज खाली जात होता. संध्याकाळपर्यंत एक फोटो हवा होता. आईला जाऊन उद्या वर्ष होणार. पेपरात एक चौकोन द्यायचा, वर फोटो, खाली नाव आणि दोन ओळी, असं लेकीने ठरवलं होतं. तोच फोटो मोठा करून भिंतीवरही लावायचा होता. खरं तर पेपरापेक्षा तिला भिंतीचीच घाई होती.

"चिमणी परवा मला विचारत होती, आजी दिसायला कशी होती गं," ती म्हणाली. चिमणी म्हणजे तिची मुलगी, चार वर्षांची. "एका वर्षात विसरली हो ती. मी माझा फोन काढून बसले. सगळे फोटो हिचेच. आणि कडेला आईचा हात. हिला धरलेला. चेहरा एकातही नाही."

"ती तुझ्या फोनसमोर यायची नाही."

"यायचीच नाही. माझे फोटो चुकीचे येतात म्हणायची."

फोटो ज्या फोल्डरमध्ये होते त्याचं नाव 'चुका' होतं. आत पुन्हा नीट कप्पे केलेले होते. डोळे मिटलेले, डोकं कापलेलं, मागून उजेड, हललेला, फ्लॅशने पांढरा पडलेला. प्रत्येक कप्प्यात एकच बाई. लेकीला हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"बाबा, ह्या सगळ्या चुका आईच्याच का?"

"ती घरातच असायची ना," टिप्सवाले म्हणाले.

टिप्सवाल्यांचं खरं नाव वीजबिलावर आणि मतदार यादीत तेवढं शिल्लक होतं. एरवी सगळ्या गावाला ते टिप्सवाले. पेपरात ते मुद्रितं तपासायला लागले होते. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याला हात लावायला बिचकत होते आणि हे एकटे शेजारी स्टूल टाकून बसले. संपादकांनी ते पाहिलं आणि दर आठवड्याला अर्धं पान त्यांच्या पदरात टाकलं. उपयोगी संकेतस्थळं कोणती, घरबसल्या तिकीट कसं काढायचं, पासवर्डमध्ये स्वतःची जन्मतारीख का घालू नये, फोन पाण्यात पडला तर काय करावं. मग सगळ्यांच्याच हातात कॅमेरे आले आणि पान फोटोंकडे वळलं. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. मुलांचा फोटो काढायचा तर गुडघ्यावर बसा. लोक रस्त्यात अडवून विचारायचे आणि टिप्सवाले चपलेचा अंगठा तुटेपर्यंत उभे राहून सांगायचे.

चूक सांगायची तर ती दाखवायला हवी. पहिल्यांदा त्यांना मागून येणारा उजेड दाखवायचा होता, आणि बायको खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. "अगं, जरा तशीच बस. हलू नकोस." झालं, तेवढ्यावर तिची नेमणूक पक्की झाली. पुढच्या आठवड्यात डोळे मिटलेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात डोकं कापलेलं. ती बिचारी शिकलीसुद्धा. नेमक्या वेळेला मान हलवायची, सांगितल्याबरोबर पापण्या मिटायची. सकाळी आतून हाक यायची, "अहो, आज कुठली चूक करायचीय? साडी बदलून येऊ की अशीच चालेन?" बाजारात बायका तिला ओळखायला लागल्या, त्या चुकीच्या फोटोतल्या बाई म्हणून. ती हसायची. घरी येऊन सांगायची आणि पुन्हा हसायची.

बरोबर फोटोसाठी मात्र शेजारच्या बँकवाल्यांची सून यायची. चूक दाखवायला माणूस लागतो आणि बरोबर दाखवायला देखणं माणूस लागतं, असा टिप्सवाल्यांचा सरळ हिशोब होता, आणि त्यात कुणाचा अपमान आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. सून पावडर लावून गॅलरीत उभी राहायची. बायको थर्माकोलचा पांढरा तुकडा दोन्ही हातांनी धरून तिच्या चेहऱ्यावर उजेड टाकायची. "जरा वर. अजून डावीकडे. हां, आता हलू नकोस." हात भरून आले तरी ती हलायची नाही.

असंच एकदा थर्माकोल धरून उभी असताना ती म्हणाली होती, "एकदा मलापण बरोबरच्या बाजूला लावा की."

"लावू. चांगला उजेड मिळू दे एकदा."

उजेड त्या गॅलरीत रोज यायचा. सकाळी चहाच्या वेळी तो तिच्या अर्ध्या गालावर असायचा आणि टिप्सवाले समोर बसून पेपरात स्वतःचाच मजकूर वाचत असायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण त्यांनी मुद्रितात अनेकदा तपासून दिली होती. मग तिला ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि नेलं तेवढंच. त्यांच्या फोनमध्ये तिचं म्हणून जे शेवटचं आहे ते तिचे रिपोर्ट. कागद सपाट ठेवलेला, सावली पडू न दिलेली, चारही कोपरे चौकटीत. कागदाचा फोटो कसा काढावा यावर त्यांनी एक अख्खा लेख लिहिला होता.

"लग्नातला अल्बम आहे," ते लेकीला म्हणाले.

"त्यात ती माझ्यापेक्षा लहान आहे, बाबा. चिमणीची आजी नाहीये ती."

मग टिप्सवाल्यांना ती साइट आठवली. जुने, अस्पष्ट, हललेले फोटो क्षणात स्वच्छ करून देते, जरूर वापरून पाहा, असं त्यांनीच लिहिलं होतं आणि आभाराचे कितीतरी फोन आले होते. त्यांनी 'हललेला' मधला एक फोटो निवडला. त्यात बायकोचा चेहरा ओल्या बोटाने फासल्यासारखा दिसत होता. फोटो टाकला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. बापलेक दोघं श्वास धरून त्याच्याकडे बघत बसली.

चेहरा आला. साठीकडे झुकलेली, नीटनेटकी, हसरी बाई. कपाळ गुळगुळीत, केस जागच्या जागी. टिप्सवाल्यांच्या बायकोचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता, त्यामुळे तिचं हसू एका बाजूला थोडं उचललेलं असायचं. ह्या बाईचे दात शाळेच्या रांगेसारखे सरळ होते. डोळे पाणीदार होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

लेकीने पडद्यावर बोट टेकवलं.

"आईच आहे," ती म्हणाली, पण ते बापाला नव्हे, स्वतःलाच. मग जरा ठामपणे म्हणाली, "छान आलाय. हाच देऊ."

"ही तुझी आई नाही."

"बाबा."

"ही कुणीच नाही गं. ही बाई जगात कधी नव्हतीच. त्या यंत्राने हजार बायकांची सरासरी काढलीय आणि आपल्याला दिलीय."

"मग खरी कुठाय? दाखवा ना. मी सकाळपासून तेच शोधतेय. डोकं कापलेली देऊ का पेपरात? डोळे मिटलेली लावू भिंतीवर? चिमणी घाबरेल."

"पण हा खोटा..."

"लोकांना काय कळतंय."

"मला कळतंय."

"तुम्हाला?" लेक सरळ उभी राहिली. ती ओरडली नाही. "तुम्ही कधी बघितलंत हो तिच्याकडे? चूक नीट आलीय की नाही, ते बघत होतात तुम्ही."

टिप्सवाल्यांना वाटलं, हिने आपल्या कानाखाली दिली असती तरी बरं झालं असतं. कारण हे खरं होतं. बोलून झाल्यावर लेकीलाच रडू फुटलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. टिप्सवाल्यांनी चप्पल घातली.

"पेपराची पानं संध्याकाळी लागतात," ते दारातून म्हणाले. "ऑफिसात जुनी पानं साठवलेली आहेत. तिथे बघून येतो. तोवर तो फोटो पाठवू नकोस."

नळ चालूच होता, पण "बरं" असं ऐकू आलं.

पेपराचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं पान बंद झालं त्यानंतर ते इकडे फिरकले नव्हते. संपादकांनी फार सौम्यपणे सांगितलं होतं. आता साइटची नावं वाचून टिपून ठेवतं कोण, लोक सरळ फोनलाच विचारतात आणि फोन उत्तर देतो. त्यात खोटं काही नव्हतं. त्या अर्ध्या पानावर आता गाद्यांची जाहिरात येते.

पानं लावणारे मास्तर त्यांच्या जागेवरच होते. सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, फक्त चष्मा तसा होता.

"या, टिप्सवाले. बसा. आज वाट चुकलात?"

टिप्सवाल्यांनी काय हवंय ते सांगितलं. मास्तरांनी हातातलं पान बाजूला केलं आणि जुना साठा उघडला. एकेक पान पडद्यावर यायला लागलं. टिप्सवाल्यांनी चष्मा पुसला आणि जवळ सरकले.

त्यांच्या घरच्या फोल्डरमध्ये नुसते फोटो होते. छापून आलेलं पान ते वाचायचे ते मजकुराच्या चुका शोधायला. त्यामुळे आज, इतक्या वर्षांनी, एकापाठोपाठ एक पानं समोरून जाताना त्यांना प्रथमच ते दिसलं. उजवीकडे बँकवाल्यांची सून, कोपऱ्यात छोटीशी हिरवी खूण. डावीकडे बायको, आणि तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. पुढचं पान, फुली. त्याच्या पुढचं पान, फुली. मास्तरांनी मारलेल्या, पण सांगणारे हेच होते. लाल द्या मास्तर, जाड द्या, चष्मा नसलेल्या म्हाताऱ्यालाही कळलं पाहिजे.

"वहिनी कधी काही बोलल्या नाहीत हो," मास्तर हळूच म्हणाले. त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं असावं.

"नाही. हसायची."

शोधता शोधता ते पान आलं. मथळा होता, फोटो काढण्याआधी मागे काय आहे ते पाहा. बायको रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. चूक म्हणाल तर एवढीच. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. सकाळचा तिरपा उजेड गालावर होता, डोळे उघडे होते, फोकस नेमका डोळ्यांवर होता. आणि ती कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसत होती. हसू एका बाजूला उचललेलं. "अहो, आटपा लवकर, लोक बघतायत," असं ती तेव्हा म्हणाली होती. टिप्सवाल्यांना ते शब्द, तो आवाज, सगळं ऐकू आलं आणि त्यांनी टेबलाची कड धरली.

जाड लाल फुली बरोबर चेहऱ्यावर होती. एक पट्टा डाव्या डोळ्यावरून हनुवटीकडे गेलेला, दुसरा कपाळावरून ओठांच्या कोपऱ्यावर उतरलेला.

"मूळ फोटो असेल ना तुमच्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पुढे ह्याच्यापेक्षा चांगला खांब मिळाला. मग हा काढून टाकला." आपण काय बोललो ते टिप्सवाल्यांनी स्वतःच ऐकलं. "जागा अडवणारे फोटो काढून टाकावेत, असं मीच लिहायचो."

मास्तरांनी बरीच खटपट केली. "फुली फोटोतच मुरलीय. वेगळी निघत नाही. आधीच्या मशीनवर वेगवेगळं ठेवलेलं होतं, ते मशीनच भंगारात गेलं." मग त्यांना सुचलं. "तुमची ती साइट आहे की. नको ती वस्तू पुसून देते. तुम्हीच लिहिलं होतं. फुली पुसेल आणि खालची जागा आपोआप भरून काढेल."

"कशाने भरेल?"

मास्तरांनी माउस सोडला. "अंदाजाने," ते म्हणाले.

टिप्सवाले रडले. भर दुपारी, चालू ऑफिसात, आजूबाजूला टेलिफोन वाजत असताना ते रुमालही न काढता रडले. मास्तरांनी उठून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये खुर्ची ओढून घेतली आणि पाठ करून बसले. बायको गेली तेव्हा माणसं भेटायला येत होती, खुर्च्या कमी पडत होत्या, रडायला सवड झाली नव्हती. आज झाली.

लेकीचा फोन आला. "बाबा, मिळाला का?"

टिप्सवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. फुलीच्या पट्ट्यांमधल्या जागेतून ती अजून हसत होती. हा फोटो पेपरात दिला तर गाव काय म्हणेल, आणि पोर घाबरेल ती वेगळीच.

"नाही मिळाला," ते म्हणाले. "तू म्हणतेस तोच दे."

दुसऱ्या दिवशी पेपरात चौकोन आला. गुळगुळीत कपाळाची, सरळ दातांची बाई, आणि खाली त्यांच्या बायकोचं नाव. सकाळपासून लोक येत होते, फोन करत होते. वहिनी किती प्रसन्न दिसताहेत म्हणाले. अगदी बोलतील असं वाटतं म्हणाले. बँकवाल्यांची सून आली, तिच्याही केसांत आता पांढरं दिसायला लागलं होतं. ती पेपर हातात धरून बराच वेळ बघत राहिली. "काकू इतक्या सुंदर होत्या," ती म्हणाली, "आणि माझ्या कधी लक्षातच आलं नाही हो." टिप्सवाल्यांनी तिला चहा विचारला. एकही माणूस असा भेटला नाही ज्याने म्हटलं, ही कोण? ते दिवसभर त्याची वाट बघत होते.

मोठी फ्रेम हॉलमध्ये लागली. लेक जाताना तिच्यावरची धूळ पदराने पुसून गेली. दोघांत त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. जाताना तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

नंतर मास्तरांनी फुलीवाला फोटो चांगल्या कागदावर काढून आणून दिला, खांबासकट. टिप्सवाल्यांनी तो आपल्या खोलीतल्या टेबलावर, जिथे पूर्वी कागद असायचे तिथे, उभा करून ठेवला. रोज ते त्याच्यासमोर बसायचे. पट्ट्यांच्या वर कपाळाचा तुकडा, उजवीकडे एक अख्खा डोळा, डावीकडे कान आणि थोडा गाल, खाली हनुवटी. त्या चार तुकड्यांमधली जागा आठवणीने भरायचा ते प्रयत्न करायचे. सुरुवातीला जमायचं. पण हॉलमधून येता-जाता ती दुसरी दिसायचीच, आणि हळूहळू पट्ट्यांच्या खाली तिचेच सरळ दात यायला लागले. मग ते डोळे मिटून घ्यायचे, तरी तीच यायची.

सुट्टीत लेक चिमणीला घेऊन राहायला आली. चिमणी सकाळी उठली की हॉलमध्ये स्टुलावर चढून फ्रेमच्या काचेला पापी द्यायची. आईने शिकवलं होतं. शाळेत चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने आजी काढली होती, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून. ते चित्र तिने आजोबांना दाखवलं आणि त्यांनी छान आहे म्हटलं.

एके दुपारी ती खेळत खेळत त्यांच्या खोलीत आली. टेबलाशी येऊन टाचा उंचावून तिने फोटो पाहिला. घाबरली वगैरे नाही. फुलीच्या एका पट्ट्यावरून तिने बोट वरपासून खालपर्यंत नेलं, आणि मग बोटाला रंग लागलाय का ते पाहिलं.

"आजोबा, ही कोण?"

टिप्सवाल्यांनी तोंड उघडलं. एक शब्द तर सांगायचा होता. पण हॉलमधली फ्रेम तिथूनही दिसत होती, आणि ह्या एवढ्याशा डोक्यात दोन आज्या कशा मावायच्या ते त्यांना कळेना.

"होती एक," ते म्हणाले.

"हिला कुणी खोडलं?"

"मी."

चिमणीने समजल्यासारखी मान हलवली. मग ती बाहेर हॉलमध्ये आजीपाशी खेळायला गेली.